भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम: दाईला विद्यार्थिनी करणाऱ्या नवाब

आमच्या शाळेत मुलींच्या रक्ततपासणीचं शिबिर लागलं की आधी घरी संमतीपत्रं पाठवावी लागतात. एका वर्षी आठवी-नववीच्या वर्गांतून निम्म्याहून जास्त पत्रं सहीविना परत आली. काही तर परत आलीच नाहीत. आम्ही चौकशी केली तेव्हा कळलं की नकारामागे मोठी कारणं नव्हती. कोण येणार, बाई की पुरुष, रक्त काढून नेतात कुठे, मुलीला काही निघालं तर पुढे लग्नाचं काय, असे साधे प्रश्न होते. त्यांची उत्तरं कुणी दिलीच नव्हती. शेवटी मोहल्ल्यातल्या एका वयस्कर आपांना, ज्यांच्या हातून निम्म्या मोहल्ल्याची बाळंतपणं झाली होती, आम्ही शाळेत बोलावलं. आयांची बैठक घेतली. आपांनी स्वतः हात पुढे करून नर्सबाईंकडून रक्त तपासून घेतलं. त्या आठवड्यात पत्रं भराभर सह्या होऊन आली.

त्या दिवशी आम्हाला सुलतान जहाँ बेगम यांची आठवण झाली. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती म्हणून त्यांचं नाव आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण भोपाळच्या बायका आणि लेकीबाळींच्या तब्येतीसाठी त्यांनी जे केलं, ते आपल्या घराघरांत सांगण्यासारखं आहे.

नवाबांच्या घरातली लेक

सुलतान जहाँ यांचा जन्म ९ जुलै १८५८ रोजी भोपाळमध्ये झाला. भोपाळ ही त्या काळातली आगळी रियासत होती. तिथे एकामागून एक बेगमांनी राज्य केलं. सुलतान जहाँ यांच्या आजी सिकंदर बेगम आणि वालिदा शाहजहाँ बेगम, दोघीही गादीवर बसल्या. आजीच्या देखरेखीखाली सुलतान जहाँ यांची तालीम झाली. कुरआन, फारसी, उर्दू, इंग्रजी, हिशेब, घोडेस्वारी असं सगळं त्या शिकल्या. पुढे जलालाबादच्या एका पठाण घराण्यातल्या अहमद अली खान यांच्याशी त्यांचा निकाह झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सगळं सुखाचं वाटेल. घरात मात्र मोठं दुःख होतं. वालिदा आणि लेकीत दुरावा आला आणि तो वर्षानुवर्षं मिटला नाही. एकाच शहरात राहून दोघींची भेट होत नसे. सुलतान जहाँ यांची थोरली मुलगी बिल्कीस जहाँ आजीच्या महालात वाढत होती. ती गेली, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. एखाद्या घरात असं मूल गेलं तर रुसवे संपतात. इथे ते संपले नाहीत. पुढे, १८९४ मध्ये, धाकटी मुलगी आसिफ जहाँ हिचाही इंतकाल झाला. तीही जेमतेम चौदा वर्षांची. त्याच वर्षी धाकटा मुलगा हमीदुल्लाह जन्मला. एका हाताने लेकीला निरोप आणि दुसऱ्या हाताने तान्ह्याला जवळ घेणं, असं ते वर्ष.

या दोन मुलींच्या जाण्यामुळेच त्यांनी पुढचं सगळं काम केलं, असं आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या मनातलं अल्लाहलाच ठाऊक. पण मोठ्या घरातली, हकीम-डॉक्टर दारात उभे असलेली आई जर दोन लेकी वाचवू शकत नसेल, तर गल्लीबोळातल्या आईचं काय, हा विचार त्यांच्या मनाला शिवला नसेल असंही वाटत नाही.

गादी मिळाली ती कशा अवस्थेत

१९०१ च्या जूनमध्ये शाहजहाँ बेगम कर्करोगाने वारल्या आणि सुलतान जहाँ गादीवर आल्या. तेव्हा त्या त्रेचाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. काही महिन्यांतच, १९०२ च्या सुरुवातीला, त्यांचे शौहरही अचानक गेले. राज्यकारभारात सल्ला देणारा सगळ्यात जवळचा माणूस गेला.

रियासतीची हालतही खराब होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने मध्य हिंदुस्थान होरपळून निघाला होता. १९०१ च्या शिरगणतीत भोपाळची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी घटलेली दिसली. म्हणजे दर दहा माणसांमागे तीन कमी. खजिना रिकामा, शेतं ओस, गावं उठलेली. अशा वेळी राज्यकर्ता आधी महसुलाकडे पाहतो. बेगमसाहेबांनीही पाहिलं. जमाबंदी, न्याय, पोलीस यांची घडी त्यांनी नव्याने बसवली. पण त्यासोबतच लसीकरण, पिण्याचं पाणी, गटारं आणि साफसफाई यांवरही त्यांनी लक्ष दिलं. आणि बाळंतपण ही राज्याने लक्ष घालण्याची गोष्ट आहे, असं त्यांनी ठरवलं. त्या काळात हे नवीन होतं.

दवाखाना होता, विश्वास नव्हता

बायकांसाठी दवाखाना भोपाळमध्ये आधीच होता. शाहजहाँ बेगम यांनी १८९० च्या सुमारास लेडी लॅन्सडाउन यांच्या नावाने जनाना दवाखाना उभा केला होता. तिकडे मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झालं. लेडी डफरिन यांच्या नावाचा निधी १८८५ मध्ये निघाला आणि त्यातून देशभर बायकांचे दवाखाने झाले. इमारती उभ्या राहत होत्या, विलायतेहून डॉक्टरीणबाई येत होत्या. तरी पडद्यातल्या घरांतल्या बायका तिथे जायला कचरत. परका दरवाजा, परकी भाषा, आपलं-परकं शिवणारे हात, आणि लोक काय म्हणतील ही भीती. ज्या गेल्या त्या बऱ्याचदा अगदी शेवटच्या घटकेला. मग वाचणं कठीण होई, आणि दवाखान्यात गेलं की माणूस मरतं अशी समजूत आणखी घट्ट होई.

बाळंतपण तर घरातच व्हायचं, आणि ते दाईच्या हातून. दाईचं काम पिढीजात. सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे. त्यात अनुभव पुष्कळ होता, पण हात धुणं, हत्यार उकळणं ही गोष्ट माहीतच नव्हती. बाळंतिणीची खोली बंद, अंधारी, धुराने भरलेली. जुन्या फाटक्या चिंध्या वापरायच्या. नाळ कापायला जे हाताशी असेल ते घ्यायचं. त्यातून बाळाला धनुर्वात आणि आईला सूतिकाज्वर. कितीतरी घरांत पाचव्या-सहाव्या दिवशी बाळ जायचं आणि घरचे नजर लागली, सावली पडली म्हणून गप्प बसायचे. दाईला तरी कुठे ठाऊक होतं की दोष तिच्या न धुतलेल्या बोटांचा आहे?

दाईला हाकललं नाही, शिकवलं

इथे दोन वाटा होत्या. एक म्हणजे दाईला अडाणी ठरवून बाजूला करायचं आणि सगळ्यांना दवाखान्यात यायला भाग पाडायचं. त्या काळातले कितीतरी इंग्रज डॉक्टर दाईबद्दल फार कडवट बोलत. दुसरी वाट म्हणजे जिच्यावर घरातल्या सासवांचा भरवसा आहे, तिलाच शिकवायचं.

बेगमसाहेबांनी दुसरी वाट धरली. लेडी लॅन्सडाउन दवाखान्यात डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली दायांचे वर्ग सुरू केले. दिवसभर वर्गात बसायचं तर मजुरी बुडणार, म्हणून शिकणाऱ्या दायांना पैसे देण्याची सोय केली. शिकल्याशिवाय आणि परवाना घेतल्याशिवाय कुणी दाईने बाळंतपण करू नये, असा नियमही केला. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांनी दायांच्या शिक्षणासाठी देशभर व्हिक्टोरिया राणीच्या नावाने निधी काढला. म्हणजे हा विचार तेव्हा इतरत्रही चालू होता. फरक इतकाच की भोपाळमध्ये तो राबवणारी स्वतः पडद्यात राहणारी, पाच बाळंतपणं झालेली, मुलं गमावलेली मुसलमान बाई होती. तिला दाईच्या खोलीत काय चालतं हे कुणी अहवालातून सांगायची गरज नव्हती.

नियम आणि शिक्षण यांचा हा जोड आम्हाला महत्त्वाचा वाटतो. नुसता नियम केला असता तर दाया लपूनछपून गेल्या असत्या, आणि घरच्यांनी त्यांना लपवलंही असतं. नुसतं शिक्षण ठेवलं असतं तर फारशा आल्या नसत्या. शिकायला पैसे, शिकल्यावर परवाना, आणि परवान्यामुळे इज्जत, असं केल्यावर दाईला त्यात आपला फायदा दिसला. जिला लोक घरात घेत पण पंगतीला बसवत नसत, तिच्या हातात सरकारी कागद आला.

पुढे परिचारिकांच्या शिक्षणाचीही सोय झाली. युनानी हकिमीलाही त्यांनी टाकलं नाही. लोकांचा भरवसा हकिमांवर होता, तर हकीमही नीट शिकलेले असावेत, म्हणून युनानीच्या शिक्षणाला त्यांनी राज्याचा आधार दिला. बायकांच्या उपचारासाठी उभं राहिलेलं सुलतानिया जनाना रुग्णालय हे नाव आजही भोपाळकरांच्या तोंडी आहे. भोपाळच्या कितीतरी घरांतली माणसं जन्माचं ठिकाण म्हणून तेच नाव सांगतात.

बायकांचा क्लब आणि तब्येतीच्या गप्पा

दाई शिकली, पण तिला बोलावणारी सासू, जाऊ, नणंद यांचं काय? गरोदर बाईने काय खावं, खोलीची खिडकी उघडी असावी की बंद, बाळाला पहिल्या दिवसापासून आईचं दूध द्यावं की घुट्टी, हे निर्णय घरातल्या मोठ्या बायका घेत. त्यांच्यापर्यंत पोहोचायला बेगमसाहेबांनी आणखी एक दार उघडलं.

१९०९ मध्ये भोपाळमध्ये प्रिन्सेस ऑफ वेल्स लेडीज क्लब सुरू झाला. पडद्याची पूर्ण व्यवस्था असलेली बाग, तिथे बायकांनी संध्याकाळी यावं, बसावं, बोलावं. क्लबच्या कामात मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या बहीण आबरू बेगम पुढे होत्या. इथे खेळ, भरतकाम, प्रदर्शनं होतीच, पण आरोग्यावर व्याख्यानंही होत. कित्येकदा स्वतः बेगमसाहेबा बोलत. राज्याची नवाब समोर बसून मुलांचं दूध, आंघोळ, लस, स्वच्छ पाणी, घरातली हवा यांवर बोलते आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा. ऐकणाऱ्या बाईला घरी जाऊन सासूला सांगायला मोठं नाव मिळालं. सासूही नवाबांचं नाव ऐकून गप्प राहत असेल, असं आम्हाला वाटतं.

मुलींसाठी त्यांनी १९०३ मध्ये सुलतानिया शाळा काढली. तिथे धर्मशिक्षण आणि लिहिणं-वाचणं यांच्या जोडीला आरोग्य आणि घर सांभाळण्याची तालीम होती. आजची मुलगी उद्या आई होणार, तेव्हा तिला आताच शिकवलं तर दहा वर्षांनी शहर बदलेल, असा तो हिशेब. शाळेतून घरी आलेली मुलगी आईला दोन गोष्टी सांगते, हे आम्ही शिक्षक रोज पाहतो.

लिहिण्याचं कामही त्यांनी केलं. साध्या उर्दूत त्यांनी डझनावारी पुस्तकं लिहिली. मुलांच्या परवरिशीवर, तंदुरुस्तीवर, नवरा-बायकोच्या हक्कांवर, घरकामावर. यात वैद्यकाची माहिती आहेच, पण ती दीनच्या चौकटीत बसवलेली आहे. सफाई हा ईमानचाच भाग, शरीर ही अमानत, आणि पैगंबर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या काळात बायकांनी जखमींची सेवा केली होती, या गोष्टींकडे त्या वाचणाऱ्यांचं लक्ष वेधत. त्यामुळे नवीन गोष्ट परकी वाटत नसे.

पडदा आणि दवाखाना

पडद्याबद्दल बेगमसाहेबांची मतं जुन्या वळणाची होती. पडद्याच्या बाजूने त्यांनी पुस्तक लिहिलं. हजला गेल्या त्या बुरख्यात, १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाला लंडनला गेल्या त्याही बुरख्यात. दरबारातही पडदा असे. पण पडदा म्हणजे अज्ञान, पडदा म्हणजे उपचाराविना मरणं, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. आणि दुसरीकडे, दवाखान्यात यायचं तर आधी पडदा सोडा, अशी अटही कुणाला घातली नाही. बायका जिथे आहेत, जशा आहेत, तिथे आणि तशी सोय नेली. आयुष्याच्या अगदी अखेरच्या वर्षांत त्यांनी स्वतः जाहीर सभेत चेहऱ्यावरचा पडदा बाजूला केला. त्या निर्णयाबद्दल तेव्हाही चर्चा झाली, आजही होते. त्यांच्या आरोग्याच्या कामाचं मोल त्या वादात हरवू नये इतकंच आमचं म्हणणं.

१९१४ मध्ये अलीगढला शेख अब्दुल्लाह यांच्या मुलींच्या शाळेच्या वसतिगृहाचं उद्घाटन त्यांनी केलं. त्याच निमित्ताने मुस्लिम बायकांच्या अखिल भारतीय परिषदेची सुरुवात झाली. १९१८ मध्ये भोपाळमध्ये त्यांनी सर्व धर्मांच्या बायकांची संघटना उभी केली. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती झाल्या. १९२८ मध्ये दिल्लीत भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या.

उणेपणाही सांगायला हवा

एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र सांगताना नुसतं कौतुक करून चालत नाही. क्लबमध्ये येणाऱ्या बायका मुख्यतः सरदार-जहागीरदार आणि अधिकाऱ्यांच्या घरच्या होत्या. मजूर बाई, खेड्यातली कुणबीण तिथे येत नव्हती. शिकलेल्या दाया आणि दवाखाने यांचा मोठा वाटा शहराच्या वाट्याला आला. शिवाय राज्य एकाच व्यक्तीच्या हुकुमावर चालत होतं, म्हणून दाईला परवाना सक्तीचा करणं सोपं होतं. आज तसा हुकूम कुणी देऊ शकत नाही, आणि ते बरंच आहे. आज काम करायचं तर समजावूनच करावं लागतं.

शेवटची वर्षं

१९२४ हे साल त्यांच्यासाठी फार कठीण गेलं. नसरुल्लाह आणि ओबैदुल्लाह हे दोन मोठे मुलगे एकाच वर्षात वारले. पाच मुलांपैकी चार त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. उरले ते एकटे हमीदुल्लाह. गादी त्यांनाच मिळावी म्हणून सत्तरीकडे झुकलेल्या बेगमसाहेबा लंडनला गेल्या, आपली बाजू मांडली आणि जिंकून परतल्या. १९२६ मध्ये स्वतःहून गादी सोडली. हमीदुल्लाह यांची थोरली मुलगी आबिदा सुलतान आजीच्याच कडक देखरेखीखाली वाढत होती. स्वतःची मुलगी जिला वाढवता आली नाही, तिने नातीला हाताशी धरून वाढवलं.

१२ मे १९३० रोजी भोपाळमध्ये सुलतान जहाँ बेगम यांचा इंतकाल झाला. अल्लाह त्यांना मगफिरत अता करो.

आपल्यासाठी काय

आज आपल्याकडे सरकारी दवाखाना जवळ आहे, आशाताई गल्लीत फिरते, रुग्णवाहिका फोनवर येते. बाळंतपण बहुतेक घरांत आता दवाखान्यातच होतं. तरी मुलींच्या रक्तात लोह कमी, पाळीच्या त्रासाबद्दल आईशीही बोलायची चोरी, लसीबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवा, आणि बाईच्या आजाराला घरात शेवटचा नंबर, हे सगळं आहेच. दवाखाना आणि घर यांच्यामधलं अंतर किलोमीटरमध्ये मोजून कळत नाही.

ते अंतर कमी करायला नवाब असण्याची गरज नाही. जुम्याच्या बयानात पाच मिनिटं लेकीच्या तब्येतीवर बोलता येतं. बचत गटाच्या बैठकीला नर्सबाईंना बोलावता येतं. महिलांच्या इज्तिमात एखाद्या डॉक्टरबाईंना अर्धा तास देता येतो. मोहल्ल्यात ज्या आपांचं सगळे ऐकतात, त्यांना आशाताईंसोबत घरोघर पाठवता येतं. आणि शाळेला, म्हणजे आम्हालाही, एक गोष्ट शिकता येते. नुसतं संमतीपत्र दप्तरात कोंबून पाठवणं म्हणजे विचारणं नव्हे. आधी आयांना बोलावून बसवायचं, त्यांचे प्रश्न ऐकायचे, मग सही मागायची.

यंदाच्या शिबिराची तारीख अजून ठरायची आहे. आयांच्या बैठकीचा दिवस मात्र आम्ही आधीच ठरवला आहे, आणि आपांनाही निरोप गेला आहे.